हलाल-हरामच्या मधला मुलूख

१५११ साली मक्केत एका पेयावर खटला चालला. खाइर बेग हा कैरोच्या ममलूक सुलतानाचा तिथला मुहतसिब, म्हणजे बाजारावर आणि लोकांच्या वागणुकीवर नजर ठेवणारा अधिकारी. एका रात्री काबागृहाच्या परिसरात काही माणसं घोळका करून बसलेली आणि आपसात एक भांडं फिरवत असलेली त्याच्या दृष्टीस पडली. चौकशी केल्यावर कळलं, की या पेयाला कहवा म्हणतात. रात्रभर जागून जिक्र, म्हणजे ईश्वराचं नामस्मरण, करता यावा म्हणून येमेनमधले सूफी ते पितात, आणि आता मक्केत त्याची दुकानंसुद्धा निघाली आहेत. आपण ज्याला कॉफी म्हणतो तेच हे. खाइर बेगनं शहरातले नामवंत फकीह, म्हणजे कायदेपंडित, बोलावले, त्यांच्यासमोर कॉफी ठेवली आणि हिचा हुकूम काय ते सांगा म्हणाला.

या बैठकीची हकीकत अब्दुल कादिर अल-जझीरी यानं पुढे काही दशकांनी लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. गंमत अशी, की बेगच्या मनात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनही पंडितांनी त्याला हवं ते उत्तर लगेच दिलं नाही. दुकानात जमून गाणंबजावणं, जुगार वगैरे जे चालतं ते नाजायज आहे, असं ते एकमुखानं म्हणाले. पण कॉफीचं बी ही एक वनस्पती. वनस्पतीचा मूळ दर्जा मुबाह, म्हणजे मोकळीक. तिनं शरीराला किंवा बुद्धीला अपाय होतो असं सिद्ध झालं तरच तो दर्जा बदलेल, आणि अपाय होतो की नाही हे ठरवणं आमचं काम नाही, हकिमांचं आहे. मग दोन हकीम आले. ते दोघे भाऊ होते आणि बेगच्या मर्जीतले असावेत. कॉफीची प्रकृती थंड आणि रुक्ष, म्हणून ती घातक, असं त्यांनी सांगितलं. जमलेल्यांपैकी एक जण उत्साहाच्या भरात म्हणाला, की कॉफीनं दारूसारखीच नशा चढते. दारूची नशा कशी असते हे तुला कसं ठाऊक, असा प्रश्न ओघानंच आला, आणि त्या बिचाऱ्याला शिक्षा भोगावी लागली, असं सांगतात.

मक्केत बंदी झाली. कागद कैरोला सुलतान कानसुह अल-घौरीकडे गेले. तिथून हुकूम आला तो दुकानांतल्या गैरप्रकारांविरुद्ध. पेयावर सरसकट बंदी त्यात नव्हती. वर्षभरात खाइर बेगची उचलबांगडी झाली आणि मक्का पुन्हा कॉफी पिऊ लागली.

गोष्ट मजेची आहेच, पण त्या पंडितांनी घातलेली अट मला महत्त्वाची वाटते. नवी वस्तू समोर आली की ती हलाल आहे याचा पुरावा द्यावा लागत नाही. ती हराम आहे म्हणणाऱ्यानं पुरावा द्यायचा. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, हे तत्त्व बहुतेक पंडितांना मान्य आहे: वस्तूंचा मूळ हुकूम मोकळिकीचा. (इबादतीच्या, म्हणजे उपासनेच्या, बाबतीत नेमकं उलट. तिथे नवी पद्धत काढणाऱ्यानंच आधार दाखवायचा.) आज मात्र इस्लामी कायदा म्हटलं की हलाल आणि हराम हे दोनच शब्द लोकांच्या तोंडी असतात. बाहेरच्यांच्या तर असतातच, पुष्कळ मुसलमानांच्याही असतात. फिकहच्या ग्रंथांत माणसाच्या कृतींचे दोन नाही, पाच दर्जे आहेत, आणि त्या शास्त्राची सगळी बुद्धी, सगळे वाद, सगळी लवचीकता मधल्या तीन दर्जांत साठलेली आहे.

सगळ्यात वर फर्ज किंवा वाजिब. ते केलं तर सवाब, म्हणजे पुण्य, आणि सोडलं तर गुन्हा. रमजानचे रोजे, पाच वेळची नमाज ही याची ठळक उदाहरणं. त्याखाली मंदूब, मुस्तहब किंवा सुन्नत: केलं तर सवाब, सोडलं तर शिक्षा नाही. मध्यभागी मुबाह: करा, करू नका, हिशेबात काहीच धरलं जात नाही. मग मकरूह, म्हणजे नापसंत: टाळलं तर सवाब, केलं तर शिक्षा नाही. सर्वांत खाली हराम: टाळलं तर सवाब, केलं तर गुन्हा. सुन्नींच्या हनफी, शाफई, मालिकी आणि हनबली या विधिपंथांत आणि शियांच्या जाफरी विधिशास्त्रातही हा पंचविध आराखडा थोड्याफार फरकानं सापडतो.

यात एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. या पाचांपैकी तीन दर्जांचा काजीच्या कचेरीशी बहुधा काही संबंधच नाही. मुस्तहब गोष्ट केली नाही म्हणून कुणाला फटके मारता येत नाहीत. वाहत्या नदीच्या काठी बसूनही वजू, म्हणजे नमाजआधी हात-पाय-तोंड धुणं, करताना पाणी वाया घालवणं मकरूह आहे, पण त्याचा दंड कुणी वसूल करत नाही. हरामातल्यासुद्धा कितीतरी गोष्टी, उदाहरणार्थ पाठीमागे निंदा करणं किंवा मत्सर बाळगणं, काजीच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. त्यांचा निकाल कयामतच्या दिवशी. ‘कायदा’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पोलीस, कोर्ट आणि तुरुंग येतो. शरियत त्याहून खूप रुंद आहे. शिष्टाचार, नीती, उपासना आणि दिवाणी व्यवहार ही सगळी एकाच मोजपट्टीवर मोजली जातात. धर्मशास्त्राशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध कर्मांची आठवण होईल, आणि ती चुकीची नाही. मीमांसकांनीही वेदातल्या आज्ञांची अशीच प्रतवारी लावली. पण ‘याचं काहीच नाही’ हा रिकामा दर्जासुद्धा शास्त्रात रीतसर नोंदवायचा आणि त्याच्या व्याख्येवर शतकानुशतकं भांडायचं, हे फिकहचं खास वैशिष्ट्य.

हा आराखडा मुळात लागला कशाला? कारण कुराणातली प्रत्येक आज्ञा सारख्या वजनाची नाही, हे पहिल्या काही पिढ्यांतच लक्षात आलं होतं. नमाज कायम करा ही आज्ञा आहे, आणि ती बंधनकारक आहे यात शंका नाही. पण हजचा इहराम, म्हणजे यात्रेतली व्रतस्थ अवस्था, उतरवल्यावर शिकार करा, असंही आज्ञार्थी वाक्य कुराणात आहे. हजहून परतणाऱ्या प्रत्येकानं तीरकमठा घेऊन रानात जावं असा त्याचा अर्थ कुणीच लावला नाही. इहरामात शिकारीला मनाई होती, ती उठली, एवढंच. तिसरीकडे उधारीचा व्यवहार लिहून ठेवा अशी आज्ञा आहे. बहुसंख्य पंडितांनी ती सल्ला मानली: लिहिलंत तर चांगलं, न लिहिलंत तर पाप नाही. अंदलुसचा इब्न हझम (मृत्यू १०६४) हा शब्दाला घट्ट धरून चालणारा. तो म्हणाला, आज्ञा आहे म्हणजे लिहायलाच हवं. म्हणजे क्रियापदाचं रूप एकच, पण त्यातून फर्ज निघतो, सल्ला निघतो आणि नुसती मोकळीकही निघते. कुठल्या वाक्यातून काय निघतं हे ठरवायला नियम हवेत. ते नियम रचण्याचं काम इमाम शाफई (७६७–८२०) यांच्या ‘रिसाला’पासून पुढे ‘उसूल’ या स्वतंत्र शास्त्रानं केलं.

हनफी पंडितांनी या पाचांतही आणखी पोटभेद केले. फर्ज आणि वाजिब हे इतरांच्या दृष्टीनं एकच, हनफींसाठी दोन. ज्याचा आधार नि:संशय, तो फर्ज. ज्याचा आधार भक्कम पण शंकेला किंचित जागा ठेवणारा, तो वाजिब. दोन्ही करायलाच हवीत. पण फर्ज नाकारणारा इस्लामच्या बाहेर जातो, वाजिब नाकारणारा फक्त गुन्हेगार ठरतो. खालच्या बाजूलाही असंच. मकरूहचे दोन भाग: हरामला चिकटलेला ‘तहरीमी’ आणि मोकळिकीकडे झुकलेला ‘तंजीही’. हा बारकावा वरवर पंडिती वाटेल, पण आपल्या पुराव्याला किती धार आहे याची कबुली नियमातच गुंफून ठेवण्याची ही रीत आहे. मला खात्री आहे तिथे एक शब्द, आणि मला वाटतं तिथे दुसरा. किती शास्त्रांना हे जमलंय?

या भेदांचा अनुभव घ्यायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. देशावरचे आणि मराठवाड्यातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी. कोकणी मुसलमान शाफई. याचं कारण समुद्र. दख्खनमध्ये इस्लाम प्रामुख्यानं उत्तरेकडून, तुर्क आणि मध्य आशियाई परंपरेबरोबर आला, तर कोकणच्या बंदरांशी येमेन आणि अरबी किनाऱ्याचे व्यापारी शतकानुशतकं जोडलेले होते. केरळचे मापिला आणि इंडोनेशियाचे मुसलमान शाफई आहेत तेही बऱ्याच अंशी याच सागरी वाटेमुळे. ज्यांचा दर्गा मुंबईकरांना चांगला ठाऊक आहे ते माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) शाफईच होते. आता बकरी ईद घ्या. ऐपत असलेल्या हनफी माणसावर कुर्बानी वाजिब आहे. शाफई शेजाऱ्यासाठी ती ठाम शिफारशीची सुन्नत आहे. ती टाळणं नापसंत असलं तरी गुन्हा नाही. दिवस एक, बकरा एक, दर्जे दोन.

कोळंबीचं प्रकरण याहून चविष्ट. हनफी मतानं पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. शाफईंना समुद्रात राहणारं जवळजवळ सगळंच चालतं. मग कोळंबी मासा आहे का? कोकणातल्या शाफई घरात हा प्रश्न उद्भवतच नाही, भाताबरोबर कालवण पानात येतं. हनफींमध्ये मात्र यावर गेली दीडशे वर्षं तरी फतवे आणि प्रतिफतवे निघत आहेत. कोळंबीला अरबी परंपरेनं मासा म्हटलंय म्हणून चालेल, असं काही जण म्हणतात. प्राणिशास्त्रानुसार ती मासा नाही म्हणून नको, असं दुसरे म्हणतात. आणि मतभेद आहे तर टाळलेलं बरं, म्हणजे मकरूह, असा मधला मार्ग तिसऱ्यांनी काढलेला आहे. वाद मिटत नसला की मधला दर्जा असा उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंच्या माणसांना एकमेकांना पापी न म्हणता जेवता येतं.

फर्जाचाही एक सामाजिक प्रकार आहे. नमाज प्रत्येकाची ज्याची त्याला. ती दुसरा कुणी माझ्या वतीनं पढू शकत नाही. पण जनाजाची, म्हणजे मृतासाठीची, नमाज गावातल्या काही जणांनी पढली की सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. कुणीच पढली नाही, तर सगळा गाव गुन्हेगार. पहिला फर्ज-ए-ऐन, दुसरा फर्ज-ए-किफाया. अबू हामिद अल-गझाली (१०५८–११११) यांनी या दुसऱ्या वर्गात वैद्यक आणि गणित घातलं, शेती आणि विणकामही घातलं. कारण ही कामं कुणीच केली नाहीत तर समाज उभा राहणार नाही. आणि मग त्यांनी आपल्याच धंद्यातल्या लोकांना चिमटा काढला. कितीतरी गावांत मुसलमान वैद्य मिळत नाही, तरी वैद्यक शिकायला कुणी जात नाही. सगळे फिकहच्या वादविवादाकडे धावतात. का? तर वैद्यकीतून वक्फांची व्यवस्था, अनाथांच्या मालमत्तेची देखरेख आणि काजीची खुर्ची मिळत नाही. गावात फकीह ढिगानं असताना आणखी एक फकीह होणं हा फर्ज कसा, हा त्यांचा प्रश्न आजच्या कुठल्याही विद्यापीठात विचारण्याजोगा आहे.

हा सगळा हिशेब लागू कुणाला? अक्कल ठिकाणावर असलेल्या आणि वयात आलेल्या माणसाला. झोपलेला, लहान मूल आणि वेडा या तिघांवरून नोंदीची लेखणी उचललेली आहे, अशी प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. सक्ती झाली तर दर्जे सरकतात. उपासमारीत जीव वाचवायला मेलेलं जनावर खाणं चालतं. अनेक पंडितांच्या मते तर ते तेव्हा वाजिब होतं, आणि सोवळेपणानं न खाता मरणारा उलट गुन्हेगार ठरतो. आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलता येतो. पाणी मिळत नसेल किंवा पाण्यानं दुखणं वाढणार असेल तर वजूऐवजी मातीनं शुद्धी, म्हणजे तयम्मुम. आणि नियत: कृती हेतूवरून ठरते या आशयाच्या हदीसनं बुखारींचा संग्रह सुरू होतो. जेवण मुबाह, पण दिवसभराचा रोजा धरायला ताकद यावी म्हणून पहाटे जेवलात तर ते पुण्याचं.

याच जागी फिकहच्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा वाद येतो. अबुल कासिम अल-काबी (मृत्यू ९३१) हा बल्खचा मुतझिली, म्हणजे बुद्धिवादी पंथाचा विचारवंत. तो म्हणाला, मुबाह असं काही नसतंच. तुम्ही घरात नुसते बसलात, तर त्या वेळी तुम्ही चोरी करत नाही, खून करत नाही, खोटं बोलत नाही. म्हणजे बसण्यानं तुम्ही हराम टाळलंत. हराम टाळणं फर्ज आहे. म्हणून बसणं हाही फर्ज. जगातली प्रत्येक निरुपद्रवी हालचाल अशा रीतीनं कर्तव्य होते. युक्तिवाद बिनचूक दिसतो आणि निष्कर्ष हास्यास्पद. पुढच्या शतकांतल्या उसूलच्या ग्रंथांनी त्याचं खंडन करण्यात बरीच शाई घालवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की चोरी टाळायला बसण्याचीच गरज नाही. उभं राहून, झोपून, चालूनही ती टळते. शिवाय या तर्कानं गेलं तर एक हराम टाळायला दुसरा हराम करणंही फर्ज ठरेल. हे पंडित कशासाठी भांडत होते? तर देवाला ज्यात काहीच म्हणायचं नाही अशी एक जागा माणसाच्या आयुष्यात शिल्लक राहावी म्हणून. धर्मपंडितांच्या इतिहासात असं भांडण मला दुसरीकडे फारसं दिसलेलं नाही.

ग्रॅनाडाच्या अश-शातिबी यांनी (मृत्यू १३८८) या वादाला आणखी एक वळण दिलं. एकेकटी कृती आणि तिची सवय यांचे दर्जे वेगळे असू शकतात, असं त्यांनी दाखवलं. अमुक एक पदार्थ आज खाणं मुबाह. पण सगळ्यांनीच सगळी चांगली अन्नं कायमची सोडून देणं शरियतला पसंत नाही. बागेत फेरफटका, गाणाऱ्या पाखरांचा आवाज ऐकणं हे कधीमधी मुबाह; दिवसभर तेवढंच करणारा मात्र नापसंतीत जातो. एखाद्या वेळी अजान न देणं फारसं बिघडवत नाही; पण एका गावानं अजान देणंच बंद केलं तर तो गुन्हा. थेंबाचा दर्जा वेगळा, धारेचा वेगळा.

निकाहचं उदाहरण पाहा. ‘इस्लाममध्ये लग्न करणं काय आहे?’ असा प्रश्न हनफी मुफ्तीला विचारला, तर तो उलट विचारेल, कुणी करणं? सर्वसाधारण माणसाला सुन्नत. बायको पोसण्याची ऐपत आहे आणि लग्न न केल्यास व्यभिचारात पडण्याची खात्री आहे, त्याला फर्ज. आपण बायकोवर अन्याय करू अशी भीती ज्याला वाटते, त्याला मकरूह. अन्याय करणारच अशी ज्याला खात्री आहे, त्याला हराम. तलाकचंही असंच. हनबली पंडित इब्न कुदामा (मृत्यू १२२३) यांनी तलाकलाही पाचही दर्जे लावून दाखवले: विनाकारण दिला तर मकरूह, स्त्रीच्या पाळीच्या काळात दिला तर हराम, आणि काही प्रसंगी तो देणं वाजिबसुद्धा. म्हणजे दर्जा कृतीच्या कपाळावर गोंदलेला नसतो. करणारा कोण, वेळ कोणती, परिणाम काय, हे पाहून तो लावायचा असतो. तंबाखूचं हेच झालं. सतराव्या शतकात ती अरब आणि उस्मानी मुलखात पसरली तेव्हा हराम, मकरूह आणि मुबाह अशी तिन्ही मतं निघाली. दमास्कसच्या अब्दुल गनी अन-नाबुलुसी (१६४१–१७३१) यांनी ती मुबाह असल्याचं सांगायला स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकात फुप्फुसांच्या कर्करोगाचे पुरावे आले आणि अनेक मुफ्तींनी तिला हरामात ढकललं. तत्त्व मक्केतल्या बैठकीचंच होतं, हकीम तेवढे जास्त भरवशाचे होते.

इथवर आपण पाप-पुण्याचा दर्जा पाहिला. पण फिकहमध्ये एक दुसरी मोजणीही समांतर चालते. कृती पाप आहे की नाही हा एक प्रश्न. ती कृती लागू पडली की नाही, तिचा व्यवहारी परिणाम झाला की नाही, हा वेगळा. शुक्रवारच्या नमाजची अजान झाल्यावर खरेदी-विक्री थांबवा, असं कुराण सांगतं. समजा एकानं त्या वेळेतच घोडा विकला. हनफी आणि शाफई म्हणतात, विकणाऱ्यानं गुन्हा केला, पण विक्री पक्की. घोडा घेणाऱ्याचा झाला. मालिकी मतानं तो सौदा मोडला पाहिजे. बळकावलेल्या जमिनीवर नमाज पढली तर? बहुसंख्य म्हणतात, नमाज झाली, जमीन बळकावल्याचं पाप वेगळं लिहिलं जाईल. हनबलींचं प्रसिद्ध मत असं, की नमाज झालीच नाही. नमाजी एकाच देहानं, एकाच क्षणी, एकाच जागी आज्ञा पाळतोय आणि मोडतोय. त्याचे दोन तुकडे करता येतात का, यावर गझालींनी ‘मुस्तस्फा’मध्ये मन लावून लिहिलं आहे.

मला विचाराल तर बहुसंख्यांचा मार्ग व्यवहाराला सोयीचा आहे. प्रत्येक पापानं प्रत्येक सौदा रद्द होऊ लागला तर बाजारात कुणाचा कुणावर भरवसा उरणार नाही. पण याच सोयीची फार मोठी किंमत बायकांनी मोजली. एका दमात तीन तलाक देणं हा ‘तलाक-ए-बिदत’. हनफी ग्रंथच त्याला गुन्हा म्हणतात. पैगंबरांनी सांगितलेली रीत ती नव्हे, हेही सांगतात. आणि पुढच्याच वाक्यात सांगतात, की दिला तर तो लागू पडला. नवरा पापी झाला, आणि बायको घराबाहेर गेली. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी असे तीन उच्चार एकच धरावेत असं म्हटलं, अहले-हदीस तसंच मानतात, जाफरी शियांना तर एका दमातला तिहेरी तलाक मान्यच नाही. भारतातल्या बहुसंख्य मुसलमानांवर मात्र हनफी नियम चालला. १९६६ साली समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला, तेव्हा त्यांची मागणी या आराखड्याच्या आतली नव्हती. त्यांना सर्वांसाठी एकच नागरी कायदा हवा होता. पाच दर्जांशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

तरीही अर्धशतकानं ते पाच दर्जे भारताच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले. तिहेरी तलाकला आव्हान देणाऱ्या शायरा बानो खटल्याचा निकाल २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन असा, तिहेरी तलाकच्या विरोधात लागला. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात (न्यायमूर्ती लळित त्यांच्याशी सहमत होते) फर्जपासून हरामपर्यंतची यादी उतरवून घेतली, आणि ती घेतली मुल्लांच्या मुस्लिम कायद्यावरच्या पुस्तकातून. हे मुल्ला म्हणजे कुणी मौलवी नव्हेत; मुंबईचे पारशी कायदेपंडित दिनशा फरदुनजी मुल्ला. त्या पुस्तकाला प्रस्तावना होती नागपूरच्या वकिलीत घडलेल्या आणि पुढे सरन्यायाधीश झालेल्या महंमद हिदायतुल्ला यांची, आणि पाच दर्जांचं विवेचन त्या प्रस्तावनेत होतं. नरिमन स्वतःही पारशी. तर या पारशी न्यायमूर्तींनी तिहेरी तलाक कुठल्या पायरीवर बसतो ते पाहिलं. फर्ज नाही, कारण तो द्या अशी आज्ञा कुठेच नाही. मुस्तहब नाही, कारण तलाकची शिफारसच नाही. फार तर तिसऱ्या पायरीवर, पण खरं पाहता चौथ्या, मकरूहच्या. मग जी गोष्ट स्वतः धर्मशास्त्रालाच नापसंत आहे ती धर्माचं अत्यावश्यक अंग कशी असेल?

न्यायमूर्ती कुरियन जोसेफ वेगळ्या वाटेनं त्याच निष्कर्षाला आले. धर्मदृष्ट्या वाईट पण कायद्यानं चांगलं, असं तिहेरी तलाकबद्दल जुन्या निकालांतून म्हटलं जात होतं. शरियत हाच जर मुसलमानांचा व्यक्तिगत कायदा आहे असं १९३७च्या कायद्यानं ठरवलंय, तर कुराणाच्या दृष्टीनं जे वाईट ते शरियतमध्ये चांगलं कसं, असं त्यांनी विचारलं. म्हणजे पाप वेगळं आणि परिणाम वेगळा ही हजार वर्षांची वाटणीच त्यांनी नाकारली. सरन्यायाधीश खेहर आणि न्यायमूर्ती नझीर यांनी ती अल्पमतात उचलून धरली: गोष्ट पापाची असेल, पण पिढ्यान्‌पिढ्या लागू होत आलेली आहे, आणि व्यक्तिगत कायद्यात बदल करायचा तर तो संसदेनं. २०१९च्या जुलैत संसदेनं कायदा केला. एका दमातला तिहेरी तलाक त्यानं रद्दबातल ठरवला आणि तो उच्चारणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा लावली. हनफी ग्रंथांच्या नेमकं उलट झालं: तिथे तलाक लागू होता आणि शिक्षा देवावर सोडलेली होती, इथे तलाक लागू होत नाही, आणि शिक्षा मात्र दंडाधिकारी देतात.